शिकाऊ पोरांना कामावर लावण्याआधी सुरक्षेचा एक दिवस सक्तीचा हवा का?

लोअरपरळकर (धागाकर्ता)
निकाल लागले की मरोळ, साकीनाका, कांजूरच्या गाळ्यांत आणि हॉटेलांच्या किचनमध्ये नवी पोरं दिसायला लागतात. कुणी आयटीआयचा शिकाऊ उमेदवार, कुणी डिप्लोमाच्या इंटर्नशिपला, कुणी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेला. २०२४ ला ही योजना आली तेव्हा बारावीवाल्याला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८ आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरलं. हजेरी कशी लावायची, पैसे कुठल्या खात्यात येणार, सगळं पहिल्याच दिवशी समजावतात. मशीन बंद करायचं लाल बटण कुठलं आणि आग लागली तर जिना कुठल्या बाजूला, हे मात्र ज्याला त्याला आपलं आपण कळतं. कधीकधी फार उशिरा.

माझं म्हणणं साधं आहे. पहिला अख्खा दिवस फक्त सुरक्षेचा, त्या दिवशी मशीनला हात नाही. आणि तो झाल्याचा कागद मिळाल्याशिवाय कॉलेजने किंवा आयटीआयने पोराला पुढे पाठवायचं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ चा जागतिक सुरक्षा दिन तरुण कामगारांवरच घेतला होता. तेव्हा युरोपातले आकडे मांडले होते: जीवघेणे नसलेले अपघात १८ ते २४ वयाच्या कामगारांत मोठ्यांपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त. कुणाचा विरोध असेल तर कारणासकट लिहा.

गाळेवाला
माझा विरोध. आकडा युरोपचा आणि सक्ती साकीनाक्यात!

माझ्याकडे सात माणसं आहेत. भाडं, विजेचं बिल, जीएसटी, वरून पार्टीचा फोन की माल आज संध्याकाळी पाहिजे. त्यात एक माणूस दिवसभर नव्या पोराला भाषण देत बसणार? आम्हीही असेच शिकलो, मिस्त्रीच्या शिव्या खाऊन. सक्ती आणलीत तर छोटे गाळे पोरं घेणंच बंद करतील. मग तीच पोरं पाठीला पिशवी अडकवून भर पावसात बाईक दामटतील. तिथे कुठला सुरक्षेचा दिवस असतो, तेवढं सांगा.

खवचट
काळजी नसावी. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. बॅनर, शपथ, समोसा, ग्रुप फोटो. ५ तारखेला मशीनची संरक्षक जाळी, म्हणजे गार्ड, काढून परत कोपऱ्यात.

जुना टर्नर
खवचट, हसू आलं, पण खरं लिहिलंत.

मी मात्र दोघांच्याही विरोधात. धागाकर्त्यांचा एक दिवस म्हणजे काहीच नाही. सुरक्षा म्हटली की लोक हेल्मेट आणि हातमोजे वाटतात. आता लेथवर (लोखंड फिरवून कापायचं मशीन) किंवा ड्रिलवर हातमोजे घालून उभा राहिलात तर मोजाच तुम्हाला आत ओढतो. फिरत्या मशीनवर मोजे नाहीत, लांब बाही नाही, गळ्यात ओळखपत्राची दोरी नाही. लोखंडाचा कीस हाताने काढायचा नाही, ब्रशने काढायचा. चक (तुकडा पकडून ठेवणारा भाग) घट्ट केला की चावी काढून मगच मोटर चालू, नाहीतर ती गोळीसारखी उडते. हे त्या एका दिवसात ऐकून पोरगं मान डोलावतं आणि चौथ्या दिवशी विसरतं, कारण आजूबाजूचे सगळे वेगळंच करत असतात.

पॉवर प्रेसचं बघा, पत्र्यावर ठोका मारणारं मशीन. दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडावा, म्हणजे हात डायखाली (साच्याखाली) राहू शकत नाही. आणि प्रत्यक्षात? एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवतात, दुसरा हात माल सरकवायला मोकळा. माल जास्त निघतो ना! नव्या पोराला वाटतं मशीनच अशी असते. त्याला दिवसभराचं व्याख्यान नको, निदान महिनाभर शेजारी उभा राहणारा एक माणूस हवा.

बाकी गाळेवाले साहेब, शिव्या खाऊन शिकलेल्यांच्या हातांची बोटंही एकदा मोजा.

गाळेवाला
काका, चिकटपट्टी मालक लावत नाही, कारागीर लावतो. नगावर पैसे मिळतात म्हणून.

जुना टर्नर
आणि नगाचा दर कोण ठरवतो?

हायकोर्टाच्या मागे
धागाकर्त्यांनी लिहिलंय त्यापेक्षा कायदा पुढे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २३ होतं: धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला लावायचं तर आधी धोके आणि खबरदारी पूर्ण समजावायची, आणि एकतर पुरेसं प्रशिक्षण झालेलं हवं किंवा जाणकाराची देखरेख हवी. टर्नरकाकांचा 'शेजारी उभा राहणारा माणूस' तो हाच. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा वेगळा कायदा आहे. त्यात ते कामगार गणले जात नाहीत, पण कारखान्यात असतील तर सुरक्षेच्या तरतुदी त्यांना लागू होतात (कलम १४) आणि इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची (कलम १६).

अडचण दुसरीकडे आहे. २०२० ची सुरक्षा-आरोग्य संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मूळ कायद्यात विजेवर चालणारी जागा १० कामगारांना कारखाना ठरायची, संहितेत २० ला. म्हणजे सात माणसांचा गाळा मुळातच कारखाना नव्हता आणि वीसच्या मर्यादेत पंधरा माणसांचाही कारखाना ठरत नाही. १८ डिसेंबर २०१७ ला खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला आग लागून १२ कामगार गेले. आतच झोपायचे ते. अशा छोट्या जागांचं काय करायचं, यावर बोला.

आणि कागदाच्या सक्तीला माझाही विरोध आहे, कारण मात्र वेगळं. १९२३ च्या भरपाई कायद्यात एक पळवाट आहे, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आली. सुरक्षेचा स्पष्ट नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला किंवा गार्ड मुद्दाम काढला, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नाही, तर भरपाई नाकारता येते. पहिल्या दिवशी पोराकडून 'मला सर्व नियम समजले' वर सही घेतलीत की पुढे दोन बोटं गेल्यावर तोच कागद त्याच्यासमोर धरला जाईल.

लोअरपरळकर
म्हणून काय, शिकवायचंच नाही? शिकवलं नाही म्हणून बोटं जाणार आणि शिकवलं तर भरपाई जाणार, असं असेल तर मला बोटं राहिलेली परवडतील.

चमचा
मी हॉटेल मॅनेजमेंटला आहे. तुम्ही सगळे लोखंडावर बोलताय म्हणून लिहिते.

ट्रेनिंगच्या हॉटेलात (नाव नको) पहिल्या दिवशी छान प्रेझेंटेशन दाखवलं होतं. म्हणजे धागाकर्त्यांचा 'सुरक्षेचा दिवस' झाला. दुसऱ्या दिवशी फ्रायरमधलं तेल अजून गरम असताना 'उचल गं, पटकन रिकामं कर' म्हणाले. लादी ओली, दोन्ही हातांत पातेलं. तेल थंड होऊ द्यायचं असतं हे मला माहीत होतं, आदल्याच दिवशी स्लाइडवर बघितलेलं. तरी उचललं. का? कारण माझ्या मूल्यमापनाच्या वहीवर सही त्याच शेफची. नाही म्हटलं तर 'अ‍ॅटिट्यूड आहे' असा शेरा, आणि तो थेट कॉलेजात.

मला माहिती कमी पडली नव्हती. 'नाही' म्हणायची सोय नव्हती. रात्री उशिरा एकटीला खाली स्टोअरला पाठवायचे, तेव्हाही तेच. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊसुद्धा येतात, दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हे मला मैत्रिणीने सांगितलं. त्या प्रेझेंटेशनमध्ये यातलं काही नव्हतं.

कुर्लेकर आई
चमचा, शाब्बास बाळा. माझा मुलगा पहिल्या नोकरीत आहे, हात भाजला तरी घरी सांगत नाही. विचारलं तर म्हणतो 'सगळ्यांना होतं'. कॉलेजच्या सरांनी मधूनमधून जाऊन बघायला काय हरकत आहे? फी तर पूर्ण घेतात.

गाळेवाला
ताई, सर येत नाहीत. फॉर्मवर शिक्का मारायला पोरालाच पाठवतात. आणि चमचा म्हणतात ते मोठ्या हॉटेलातलं. माझ्याकडे पोरगं 'नाही' म्हणालं तर मी काय करणार, दुसरं मिळतच नाही.

लोअरपरळकर
मग सक्तीचा मसुदा बदलून मांडतो. पोराची सही नकोच. शिकवणाऱ्याची घ्या: 'मी याला हे मशीन दाखवलं, बंद करायला लावलं, आणि त्याला एकट्याला सोडायची जबाबदारी माझी.' प्रत्येक मशीनला वेगळी सही, एका दिवसात उरकायची नाही. वकीलसाहेबांची पळवाट निदान या कागदावरून तरी निघणार नाही. आणि चमचाचा मुद्दा: नको ते काम नाकारलं म्हणून शेरा मारता येणार नाही, आणि मूल्यमापनाचे निम्मे गुण तरी कॉलेजच्या हातात हवेत.

हायकोर्टाच्या मागे
पहिला भाग मान्य. गुणांचं मला कळत नाही, पण वीसच्या खालच्या गाळ्यांत हे तपासणार कोण, ते अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

जुना टर्नर
तपासणी राहू दे. सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे सुरक्षेचं कायमचं प्रदर्शन आहे. आयटीआयच्या पोरांना एकदा तिथे न्या, आणि मालकांनाही.

गाळेवाला
येतो, रविवारी उघडं असेल तर. सहीचंही बघू. माझा मिस्त्री करेल, त्याच्या खाली मी करेन. पण त्याच कागदावर तिसरी सही कॉलेजच्या सरांची, आणि ती गाळ्यात येऊन, मशीनसमोर उभं राहून. ते जमत असेल तर माझा विरोध मागे.