घड्याळाची काच एका बाजूने उचलली गेलीय. बॅटरी फुगली का? आणि आता काय घेऊ?

पायपीट
नमस्कार मंडळी. तीन वर्षं बिनतक्रार चाललेलं स्मार्टवॉच गेल्या आठवड्यापासून बाहीत अडकायला लागलं. मला वाटलं पट्टा सैल झाला असेल. काल दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं तर बटणाच्या बाजूने काच वर आलीय, फटीत नख जातंय आणि अंधारात त्या फटीतून स्क्रीनचा उजेड बाहेर येतो. बोटाने दाबली की बसते, बोट काढलं की उशीसारखी हळूच वर येते. घड्याळ मात्र ठणठणीत. पावलं मोजतंय, झोप मोजतंय.
आणखी थोडे दिवस घालून चालेल का? बॅटरी बदलून मिळते का? नवीनच घ्यायचं तर न फुगणारं कोणतं? मला पावलं, झोप, नाडी एवढंच हवं, फोन आणि गाणी नकोत. बजेट : हे घेताना मोजले त्याच्या निम्मे. त्यावर एक पैसा नाही. कृपया बजेट वाचून उत्तर द्या.

उंटावरचा
घड्याळाचा नाद सोडा आणि स्मार्ट अंगठी घ्या. आठ महिने झाले, हातात आहे हे आठवतही नाही. झोपेचे आकडे तर असे देते की बायको विचारते, तुम्हाला झोप लागली हे सांगायला अंगठी कशाला हवी, घोरणं ऐकू येतं. तुमच्या बजेटच्या तिप्पट जाईल, पण खर्च एकदाच.

निवांत_नाना
एवढं घाबरायचं कारण नाही. काच दाबायची, कडेने दोन थेंब गोंद, वर जाडसा शब्दकोश, रात्रभर. मी केलंय. नंतर पाच महिने चाललं.

सदाफुली
नाना, असले सल्ले देऊ नका हो!! ताई, घड्याळ आत्ता हातातून काढा, मग पुढचं वाचा.
माझा बँड असाच थोडा फुगला होता. मीही म्हटलं, चालतोय ना. एका पहाटे मनगट चुरचुरतंय म्हणून जाग आली. पट्टा काढेपर्यंत नाडी मोजणाऱ्या काचेच्या जागी हरभऱ्याएवढा फोड. डाग अजून आहे. कंपनीला कळवलं तर म्हणे फोटो पाठवा. पाठवले. म्हणे दुसऱ्या बाजूने पाठवा. तेही पाठवले. मग उत्तर आलं की पाणी गेलं असेल. पोहताना चालणारा म्हणून विकला होता तो!

बोरूबहाद्दर
वाचतोय. अवांतर : काही जण 'बॅटरी सुजली' लिहितात. सूज जिवंत अंगाला येते. बॅटरी फुगते.

कोलांटी
@बोरूबहाद्दर, पण या धाग्यावर अजून कोणी सुजली लिहिलंच नाही.

बोरूबहाद्दर
लिहायच्या आधीच सांगून ठेवलं.

तारतम्य
बॅटरी दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
घड्याळातली बॅटरी बहुधा लिथियम पॉलिमर पाउच असते. पाउच म्हणजे खरोखर पिशवीच, अॅल्युमिनियमचा थर असलेल्या प्लॅस्टिकची, चारी बाजूंनी सील केलेली. आतल्या द्रावणाचं विघटन झालं की वायू तयार होतो : कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, थोडा हायड्रोजन, इथिलीन. त्यातले काही जळणारे आहेत. वायूला वाट नसते, म्हणून पिशवी फुगते आणि घड्याळात सगळ्यांत कच्चा जोड असलेल्या जागेला, म्हणजे चिकटवलेल्या काचेला, वर ढकलते. काही मॉडेलमध्ये मागचं झाकण उचलतं. तुम्ही लिहिलेली 'उशी' म्हणजे तोच वायू आहे. दाबून पाहणं आजपासून बंद.
कारणं बहुतेक वेळा तीन. वय. उष्णता : चार्जिंग उशीखाली, घड्याळ गाडीत उन्हात. आणि पार रिकामी होऊन महिनोन्‌महिने पडून राहणं. हे तिसरं लोकांना माहीत नसतं. सेलचं व्होल्टेज फार खाली गेलं की आतलं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्या जागी जाऊन बसतं. असा सेल वरून नवा दिसतो.
आता काय करायचं : चार्जरवर लावू नका. चालू असेल तर बंद करा. नख, सुरी, टाचणी काहीही फटीत घालू नका. फ्रीजमध्ये ठेवू नका. चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, आसपास कागद, कापड नको. मग ई-कचरा घेणाऱ्यांना 'बॅटरी फुगली आहे' असं तोंडाने सांगून द्या. घरच्या कचऱ्यात टाकलं तर कचऱ्याच्या गाडीत दाबलं जाऊन तिथे पेट घेतं. आणि विमानप्रवास असेल तर ते ना हातातल्या बॅगेत चालतं, ना सामानात.

खटपट्या
तारतम्य यांना अनुमोदन. पण बॅटरी बदलणं काही रॉकेट सायन्स नाही. हेअर ड्रायरने कडा गरम केल्या, पातळ पत्रा फिरवला, काच अलगद बाहेर. चाळीस मिनिटांत नवी बॅटरी. मी तीन घड्याळांची केली. (दुसऱ्याची स्क्रीनची पट्टी तुटली, ते मोजू नका.)

तारतम्य
फुगलेल्या सेलवर ड्रायर? आत जळणारा वायू आहे हे वर लिहिलंय. शिवाय काच एकदा उखडली की पाणी अडवणारं सील गेलं. घरी चिकटवलेलं घड्याळ त्यानंतर पावसात सोडा, हात धुतानाही जपावं लागतं.

खटपट्या
तीनही घड्याळं चालू आहेत.

कोलांटी
तीन की दोन?

घोटभर_पाणी
ताई, घड्याळ हातातून काढा. फुगलेली बॅटरी धोकादायक असते, चार्जिंगला लावू नका.

चष्मिष्ट
माझ्या मते मोठ्या कंपनीचंच घ्यावं. स्वस्तात पडलात की हे असंच होणार. माझं दर दोन वर्षांनी नवीन असतं, फुगायला वेळच मिळत नाही.

तारतम्य
मोठ्या नावाने हमी मिळत नाही. २०१६ मध्ये इंटेलने बेसिस पीक घड्याळं सगळीच्या सगळी परत मागवली, गरम होऊन भाजत होती म्हणून. मार्च २०२२ मध्ये फिटबिटने आयोनिक परत मागवलं : अमेरिकेत विकलेली सुमारे १० लाख आणि बाहेरची ६,९३,०००. तेव्हा अमेरिकेत बॅटरी तापल्याच्या ११५ तक्रारी आणि भाजल्याच्या ७८ नोंदी होत्या. लाखांच्या मानाने हे थोडे आहेत हेही खरं, उगाच घाबरवत नाही. मात्र मॉडेलचं नाव आणि 'रिकॉल' एवढं शोधून बघायला दोन मिनिटं लागतात, ती खरेदीच्या आधी घालवा.

उंटावरचा
म्हणूनच अंगठी. त्यात बॅटरी एवढीशी, विशीच्या आसपास एमएएच. फुगून फुगून किती फुगणार?

सदाफुली
अहो, पण घड्याळ फुगलं तर बाहेर फुगतं. अंगठी बंद कडं आहे. आतल्या बाजूने फुगली तर बोटाने जायचं कुठे?

उंटावरचा
तसं माझ्या बाबतीत झालेलं नाही.

तारतम्य
सदाफुलीताईंचा मुद्दा बरोबर आहे. घड्याळाच्या सेलमध्ये ३०० एमएएच धरले तर साधारण १.१ वॉट-तास ऊर्जा, फोनच्या पंधरा-सोळापट कमी, आणि अंगठीत त्याहून फारच कमी. पण घड्याळाचा पट्टा एका झटक्यात सुटतो. अंगठीने बोट आवळलं तर हात उंच धरा, थंड पाणी, साबण, फिरवत फिरवत काढा. बोट निळसर झालं किंवा बधिर वाटलं तर थेट दवाखाना. टायटॅनियमची असेल तर आधी तसं सांगा, सोन्याची अंगठी कापायचं साधं कटर त्यावर चालत नाही.

उंटावरचा
...आज रात्री काढून झोपतो. नाही, सहज.

मुखपृष्ठ
ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवलं तर आयुष्यात फुगत नाही. मी अलार्म लावतो.

चष्मिष्ट
मग वीस टक्के बॅटरीचे पैसे फुकट दिले की.

मुखपृष्ठ
तुम्ही दर दोन वर्षांनी अख्खं घड्याळ फुकट घालवता.

तारतम्य
'आयुष्यात' नको म्हणूया. पूर्ण भरलेला आणि गरम असलेला सेल लवकर म्हातारा होतो, म्हणून ऐंशीचा फायदा आहे. पण खरा शत्रू उष्णता. पलंगावर, पांघरुणात चार्जिंग टाळलंत तरी बरंच झालं.

कोलांटी
युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः काढता येईल अशीच बॅटरी द्यावी लागणार आहे. ताई, तोवर हातावर रुमाल बांधा. हलके घ्या.

खटपट्या
बघा! युरोप माझ्या बाजूने आहे.

तारतम्य
नियमाला सवलती आहेत. प्रामुख्याने पाण्यात वापरायच्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाऐवजी कारागिराने बदलली तरी चालेल. ड्रायर कपाटात ठेवा.

निवांत_नाना
माझं 'पाच महिने चाललं' हे अर्धंच सांगितलं होतं. सहाव्या महिन्यात मागचं झाकण निघून पायावर पडलं. गोंद चांगला होता, समोरची काच अजून घट्ट आहे.

सदाफुली
नाना!!

पायपीट
सगळ्यांचे आभार. घड्याळ सदाफुलीताईंचं वाचल्या वाचल्याच काढलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं. ते फक्त बॅटरी बदलत नाहीत, पूर्ण घड्याळ बदलून देतात आणि मागितलेली रक्कम माझ्या बजेटच्या वर. अंगठी बजेटच्या बाहेर, मोठी कंपनी बाहेर, युरोपही बाहेर. 🙂
तर मी ठरवलंय. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे हेच मॉडेल आहे, एकदम कमीत द्यायला तयार आहे. माझ्याकडे याचे चार पट्टे आहेत, त्यातला एक तर अजून पाकिटातून काढलेला नाही. ते वाया जाणार नाहीत. आणि तिने ते फारसं वापरलेलंही नाही, दीड वर्ष डब्यात पडून होतं. म्हणजे जवळजवळ नवंच.

तारतम्य
ताई, माझा तिसरा मुद्दा परत वाचा. पार रिकामी होऊन पडून राहिलेली बॅटरी.

पायपीट
वाचला. पण तिने काल लावून पाहिलं, लगेच चार्ज झालं.

तारतम्य
निदान पहिल्या चार-पाच वेळा समोर बसून चार्ज करा, फरशीवर ठेवून, कोमट होणं ठीक पण चटका बसेल इतकं तापलं तर काढा. आणि पहिले पंधरा दिवस झोपताना घालू नका.

पायपीट
झोप मोजायलाच तर घेतेय. बरं, पंधरा दिवस नाही घालणार.

सदाफुली
आणि जुनं कुठे आहे?

पायपीट
टेबलाच्या खणात. बिलं आणि पासपोर्टच्या खाली, हरवू नये म्हणून.

तारतम्य
काढा ते तिथून.

निवांत_नाना
ताई, काढा.

उंटावरचा
+१

पायपीट
काढलं, काढलं. फुलदाणीत वाळू घालून त्यात ठेवलंय. पासपोर्टच्या पुठ्ठ्यावर घड्याळाचा गोल वळ उठलाय.