‘कुर्बे’ नावाच्या फ्रेंच युद्धनौका किती, आणि नाव नक्की कोणत्या कुर्बेचं?

दादरकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. ४ डिसेंबरच्या नौदल दिनासाठी दादरच्या वाचनालयात फलक करतोय: एक आडनाव, अनेक जहाजं. ‘कुर्बे’ निवडलंय, पण गुंता झालाय. कुठे जलावतरण १८८२ दिलंय, कुठे १९११, कुठे १९९४. काही ठिकाणी तर चित्रकार गुस्ताव कुर्बेच्या नावावरून जहाजाचं नाव ठेवलं असं लिहिलंय. फलकावरची चूक शाळेची मुलं तशीच वहीत उतरवून नेतात, म्हणून आधीच विचारतो. जहाजं वेगवेगळी कशी ओळखायची? आणि कुर्बे लिहू की कूर्बेट?

माझगाव_गोदी
तुमच्या तिन्ही तारखा बरोबर आहेत, कारण जहाजंच तीन आहेत. नाव मात्र तिन्हींना एकाच माणसाचं: ॲडमिरल आमेदे कुर्बे (१८२७–१८८५). जन्म आब्वील गावचा. चीन-फ्रान्स युद्धात २३ ऑगस्ट १८८४ रोजी फूचौला चिनी ताफा बुडवला तो यांनीच. ११ जून १८८५ रोजी पेस्काडोर बेटांजवळ ‘बायार’ या जहाजावर त्यांचं निधन झालं. चित्रकार कुर्बे (१८१९–१८७७) ऑर्नांचा, म्हणजे पार स्विस सीमेकडचा. पॅरिसचा व्हांदोम स्तंभ १८७१ मध्ये पाडला गेला, त्याचा खर्च सरकारने त्याच्यावर लादला आणि तो स्वित्झर्लंडमध्ये परागंदा असतानाच वारला. त्याचा जहाजांशी संबंध लावू नका.

आता जहाजं. पहिलं चिलखती, म्हणजे बाहेरून लोखंडी कवच असलेलं. दुसरं ड्रेडनॉट (बहुतेक सगळ्या मुख्य तोफा एकाच मोठ्या मापाच्या असलेली युद्धनौका), लोरियांला बांधलेलं, १९१३ मध्ये सेवेत दाखल. ३०५ मिलिमीटरच्या बारा तोफा, सहा टरेटांत (फिरत्या तोफघरांत) दोन-दोन. तिसरं फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका), ला फायेत वर्गातलं, म्हणजे त्याच आराखड्याच्या जहाजांपैकी एक, जहाजावर रंगवलेला क्रमांक एफ-७१२, लांबी १२५ मीटर, १९९७ पासून सेवेत.

फलकावर जागा द्यायची तर दुसऱ्याला द्या. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वोर्ड किनाऱ्यासमोर हे जहाज मुद्दाम बुडवलं. आधी इंजिनं आणि बॉयलर काढून आत काँक्रीट भरलं आणि ओढत नेऊन उथळ पाण्यात बसवलं. किनाऱ्यावर उतरणाऱ्या दोस्त सैन्याच्या होड्यांना लाटांपासून आडोसा मिळावा म्हणून. शत्रूने बुडवलं असं लिहू नका, ती चूक फार ठिकाणी दिसते.

उरणचा दर्यावर्दी
वरचं सगळं बरोबर, फक्त पहिल्या जहाजाबद्दल एक भर. १८८२ मध्ये ते पाण्यात उतरलं ते ‘फुद्रोयां’ नावाने. ॲडमिरल तेव्हा हयात होते. ‘कुर्बे’ हे नाव त्यांच्या निधनानंतर, १८८५ मध्ये मिळालं. त्यामुळे फलकावर नुसतं ‘कुर्बे, १८८२’ लिहिलंत तर एखादं चौकस पोर विचारेलच की जिवंत माणसाचं नाव कसं दिलं! ‘जलावतरण १८८२ (फुद्रोयां), नामांतर १८८५’ असं लिहा.

नामांतराची हीच गोम दुसऱ्या कुर्बेच्याच वर्गातल्या ‘जाँ बार’ या जहाजाबद्दल. नव्या युद्धनौकेला ते नाव हवं होतं, म्हणून जुन्या जहाजाचं नाव बदलून ‘ओसेआँ’ केलं. त्यामुळे १९४० च्या आसपासच्या मजकुरात ‘जाँ बार’ आलं की वर्ष बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दादरकर
मग ओळखीला क्रमांक पुरेल का? एफ-७१२ छोटा आहे, मथळ्यात बसतो.

माझगाव_गोदी
नाही पुरणार. आपलंच उदाहरण घ्या: १९६१ ची विक्रांत आणि २०२२ ची विक्रांत, दोन्हींचा क्रमांक आर-११. शिवाय फ्रेंचांचं अक्षरही फसवतं. १९६७ ची ‘सुफ्रेन’ त्यांच्या लेखी फ्रिगेट, पण क्रमांक डी-६०२. इंग्रजी पद्धतीने ‘डी म्हणजे विनाशिका’ धरलं की प्रकारच चुकतो. मथळ्यात नावापुढे कंसात जलावतरणाचं वर्ष द्या: कुर्बे (१९११). क्रमांक खाली, बारीक अक्षरात. सेवेत दाखल झाल्याचं वर्ष वेगळ्या ओळीत. जलावतरण आणि सेवाप्रवेश यांत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असतं आणि लोक दोन्ही एकच समजतात. आपल्या आयएनएससारखा उपसर्ग फ्रेंचांकडे अधिकृतपणे नाही, तेव्हा नावाआधी काही लावू नका.

परळ_वाचक
उच्चाराचं राहिलं. ‘कुर्बे’च, शेवटचा ट उच्चारत नाहीत. पण तोच नियम सगळीकडे लावू नका: ‘सुर्कूफ’ या दुसऱ्या जहाजाच्या नावातला फ उच्चारतात. मराठीत जे रूढ आहे ते मात्र राहू द्या. शाळेच्या इतिहासात पाँडिचेरीचा गव्हर्नर ‘डुप्ले’ आहे, फलकावरही डुप्लेच हवा. त्याच्याही नावाची फ्रेंच जहाजं झाली. त्यातली क्रूझर २७ नोव्हेंबर १९४२ रोजी तुलाँ बंदरात फ्रेंचांनी स्वतःच बुडवली, जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून. मुंबईच्या मुलांना कुर्बेपेक्षा हे नाव जवळचं वाटेल, शेजारी एक चौकट द्याच.

आणि सगळी नावं माणसांची असतात असंही समजू नका. कुर्बे फ्रिगेटच्या वर्गात ला फायेत, सुर्कूफ, कुर्बे, गेप्रात ही माणसं, पाचांतलं उरलेलं ‘आकोनीत’. ते आहे एक झाड, आपल्याकडच्या बचनागाच्या जातीचं.

दादरकर
मथळे आजच बदलतो. डुप्लेची चौकट कुर्बे (१९११) च्या उजवीकडे लावतो; दोन्ही शत्रूने नव्हे, स्वतःच्याच बाजूने बुडवलेली, कारणं मात्र निरनिराळी.