पंचांग उघडतंय, बँक उघडत नाही

*ए-२०३ काकू:* कोणी जरा बघाल का? परवापासून कॉम्प्युटरवर बँकेची साइट उघडत नाहीये. ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं येतं. जीमेलचंही तेच. गंमत म्हणजे पंचांगाची एक जुनी साइट मात्र छान उघडते.

*बी-१०२:* व्हायरस आहे काकू. फॉरमॅट मारावा लागणार.

*ए-३०४:* आधी राऊटर बंद करून चालू करा. आमच्या पीसीवर पण नेट सकाळपासून रडतंय.

*सेक्रेटरी:* टाकी धुण्याचं काम चालू आहे. दुपारी ३ पर्यंत पाणी जपून वापरा 🙏

*ए-२०३ काकू:* राऊटर दोनदा करून झाला. त्याच वायफायवर मोबाइलमध्ये बँक उघडते. आणि फॉरमॅट नको रे बाबा, नातीचे बारशापासूनचे फोटो आहेत त्यात.

*सी-४०१:* बी-१०२, लगेच कुऱ्हाड नको 😄 काकू, मोबाइलवर उघडतंय म्हणजे राऊटर सुटला. क्रोमऐवजी एज ब्राउझरमध्ये बघितलंत?

*ए-२०३ काकू:* तिथेही तेच. खाली बारीक अक्षरात ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असं काहीतरी. भाचा म्हणतो, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘पुढे जा’ दाब. पण बँकेच्या पानावर तसं काही दिसतच नाही गं.

*सी-४०१:* दिसत नाही तेच बरं. बऱ्याच साइट ब्राउझरला आधीच बजावून ठेवतात, शंका आली तर दार उघडायचंच नाही. दुसरीकडे कुठे दिसलं तरी दाबू नका. आता उजवीकडे खाली कोपऱ्यात तारीख-वेळ काय आहे ते सांगा.

*ए-२०३ काकू:* रात्रीचे १२:४७. ०१-०१-२०१६. अगं बाई!!

*सी-४०१:* पाऊण तासापूर्वी चालू केलात ना?

*ए-२०३ काकू:* तुला कसं कळलं?

*सी-४०१:* त्याचं घड्याळ चालू केल्या क्षणी शून्यापासून सुरू झालंय. चालू करताना काळ्या पडद्यावर एफ१ दाबा म्हणतो का?

*ए-२०३ काकू:* रोज! मला वाटलं तसंच असतं. पण ऐक, रविवारी नातीने तारीख नीट करून दिली होती. दिवसभर सगळं चाललं, सोमवारी सकाळी परत ये रे माझ्या मागल्या.

*सी-४०१:* आणि रात्री बोर्डाचं बटण बंद?

*ए-२०३ काकू:* ह्यांची शिस्त. टीव्ही, मिक्सर, कॉम्प्युटर, सगळ्याची बटणं बंद करूनच झोपतात.

*सी-४०१:* मग मदरबोर्डवरचा, म्हणजे पीसीच्या आतल्या मुख्य सर्किटवरचा, सेल गेलाय. बोर्डाचं बटण चालू असेल तर पीसी बंद असतानाही थोडी वीज आत जाते, घड्याळ तिच्यावर चालतं. बटण बंद केलं की सगळा भार त्या बिचाऱ्या सेलवर.

*बी-१०२:* पण तारखेचा आणि बँकेचा काय संबंध?

*सी-४०१:* एसटीचा पास समजा. प्रत्येक साइट ब्राउझरला पास दाखवते, म्हणजे सर्टिफिकेट, तेच काकूंचं ‘सर्ट’. त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. २०२० पासून तो फार तर ३९८ दिवसांचाच मिळायला लागला, आता मुदत आणखी कमी होत चाललीय. आपला कंडक्टर बसलाय २०१६ चं कॅलेंडर घेऊन. त्याच्या हिशेबाने सगळे पास अजून सुरूच झालेले नाहीत. काकूंचं पंचांग पासाशिवायच्या जुन्या पद्धतीचं असणार, तिथे तपासायलाच काही नाही. तिथी बघायला ठीक, पण तिथे नाव-नंबर काही भरू नका.

*ए-३०४:* विंडोज वेळ आपोआप जुळवतं ना?

*सी-४०१:* जुळवतं, पण घरच्या पीसीवर फरक १५ तासांच्या वर गेला की आपणहून हात लावत नाही. इथे तर वर्षांचा घोळ आहे. काकू, सीआर२०३२ नावाचा सेल आणा. २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, माप नावातच आहे. वायर भिंतीतून काढायची, मगच कॅबिनेट उघडायचं. बाजूची क्लिप दाबली की जुना सेल टुणकन वर येतो. नवीन बसवताना अधिकची खूण वर. मग तारीख एकदा हाताने लावायची.

*ए-२०३ काकू:* कॅबिनेट ह्यांना उघडायला सांगते. बटणं बंद करायची हौस आहे ना, आता उघडा म्हणावं.

*(दुसऱ्या दिवशी)*

*ए-२०३ काकू:* बदलला! कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. त्याने जुन्या सेलला मीटर लावून दाखवलं, ३ व्होल्टच्या जागी १.८. आत एवढी धूळ होती की ह्यांना शिंकांवर शिंका. रात्री बटण बंद केलंच त्यांनी, तरी सकाळी तारीख बरोबर. बँकही उघडली. पोरी, संध्याकाळी साबुदाणा वडे खायला ये.

*बी-१०२:* आम्ही पण सुचवलं होतं हं काकू 😅

*ए-२०३ काकू:* फॉरमॅटवाल्यांना नुसती चटणी.

*ए-३०४:* तो घड्याळवाला रविवारी उघडा असतो का? आत्ता बघितलं, आमच्याकडे २०१७ चालू आहे.