मरळीच्या गळासाठी जिवंत मासोळ्या कशा धरायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. उजनी धरणाच्या फुगवट्यात, करमाळ्याच्या बाजूला, आम्ही मरळीसाठी गळ टाकतो. मरळ शिकारी मासा, जिवंत हलती मासोळी दिसली की हमखास झेपावते. त्यामुळे आमिष जिवंतच हवं.

जाळं टाकून धरलेल्या मासोळ्यांचे खवले निघतात आणि त्या लवकर मरतात. म्हणून सापळा वापरतोय: दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा आत बसवलेला, अंगाला बारीक भोकं. मासोळी कडेकडेने फिरत आत शिरते, पण मधलं तोंड तिला परत सापडत नाही. आत शेंगदाणा पेंड आणि भाकरीचा चुरा.

ओढ्यात तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला ठेवलं की पेंडीचा वास पाण्याबरोबर खाली जातो आणि मासोळ्या वर येतात. तिथे जमतं. फुगवट्यात मात्र पाणी स्थिर. तिथे सापळा गवताच्या कडेला ठेवायचा की जरा खोल? खेकडे आत शिरून मासोळ्या तोडतात, त्यावर काय करता? दिवडही (पाण्यातला बिनविषारी साप) अडकते, आणि वर हवेला येता आलं नाही तर बिचारी बुडून मरते. हे मला अजिबात नको आहे, म्हणून बाटलीचा थोडा भाग पाण्याबाहेर ठेवला तर चालेल का?

दुसरं, उन्हाळ्यात बादलीतलं पाणी तापलं की मासोळ्या वर येऊन तोंड मारायला लागतात. बॅटरीवरचा एअर पंप कुणी वापरलाय का? किती वेळ चालतो?

उरलेल्या मासोळ्या जिथल्या तिथेच सोडतो. चिलापी (तिलापिया, बाहेरून आलेला मासा) तर दुसऱ्या तळ्यात कुणीच सोडू नये.