लाइनचा सहावा-सातवा माणूस आधी, स्टार रिसीव्हर नंतर. पटतंय का?

दादरकर_फिली:
एप्रिलमध्ये एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची लीग) ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची निवड, जवळ आला की आपल्याकडे एकच चर्चा, कुठला रिसीव्हर (पास पकडणारा) घ्यायचा. लाइनचं नाव कोणी काढत नाही. माझं म्हणणं असं की टीम बांधायची तर दोन्ही लाइन आधी, म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला) वाचवणारे पाच आणि समोरच्याच्या क्वार्टरबॅकवर धावणारे चार, आणि नुसते सुरुवातीचे पाच आणि चार नाहीत, त्यांच्या मागचे सहावा, सातवा, आठवासुद्धा. ९ फेब्रुवारी २०२५ ची फायनल आठवा. ईगल्स ४०, चीफ्स २२. चीफ्सच्या क्वार्टरबॅकला, माहोम्सला, बॉल टाकायच्या आत सहा वेळा पाडलं (याला सॅक म्हणतात), आणि एकदाही ब्लिट्झ नाही, म्हणजे पुढच्या चौघांच्या जोडीला जादा माणूस पाठवलाच नाही. चौघांनीच काम केलं, मागे सात जण पास अडवायला मोकळे. पहिल्या हाफमध्ये चीफ्सचे एकूण २३ यार्ड! सॅक कोणाचे बघा, स्वेटचे अडीच, मिल्टन विल्यम्सचे दोन, जॉर्डन डेव्हिसचा एक, जॅलिक्स हंटचा अर्धा. ज्याच्या नावाने सगळे घाबरतात तो जेलन कार्टर यात नाहीच, कारण त्याच्यावर दोन-दोन माणसं लावली की बाकीचे मोकळे सुटतात, आणि ते बाकीचेही चांगले होते. डेप्थ म्हणतात ती ही.

मन्या_सिनसिनाटी:
दादा, जिंकलेल्या टीमकडे बघून सगळंच बरोबर वाटतं. आमचं उदाहरण घ्या. २०२१ च्या ड्राफ्टला पाचव्या नंबरवर बेंगल्सकडे दोन पर्याय होते, रिसीव्हर जमार चेस किंवा टॅकल (लाइनच्या टोकाचा माणूस) पेनी सुअल. सगळे ओरडत होते की क्वार्टरबॅक बरोचा गुडघा आत्ताच फाटलाय, लाइन घ्या. आम्ही चेस घेतला आणि त्याच सीझनला फायनलला गेलो. २ जानेवारी २०२२ ला चेसने चीफ्सविरुद्ध २६६ यार्ड काढले. टायटन्सनी प्लेऑफमध्ये बरोला नऊ वेळा पाडलं तरी १९-१६ जिंकलो. सुअल घेतला असता तर ते २६६ यार्ड कोणी काढले असते?

दादरकर_फिली:
मन्या, आणि फायनलला काय झालं तेही सांग. रॅम्सनी सात वेळा पाडलं, २३-२० ने गेली मॅच. एका वर्षी नऊ सॅक खाऊन जिंकता येतं पण ती काही टीम बांधायची पद्धत नव्हे. आणि सुअल लायन्सकडे गेला, ती लाइन पुढे लीगमधल्या सगळ्यात चांगल्या लाइनपैकी एक झाली, हे विसरू नकोस.

नवखा_पुणे:
मी पुण्यातून पहाटे उठून बघतो, अजून नवीन आहे, रागावू नका. लाइनला पाच जण खेळतात ना, मग आठवा माणूस कशाला लागतो? तो तर बाकावरच बसतो.

दादरकर_फिली:
रागवायचं काय त्यात, चांगला प्रश्न आहे. संघात ५३ जण, पण मॅचच्या दिवशी सगळ्यांना खेळायला उतरता येत नाही. ४८ जण उतरवायचे तर त्यात किमान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन पाहिजेत, नाहीतर ४७ वर थांबावं लागतं. २०२० च्या करारात हे आलं. म्हणजे लीगलाच माहितीये की लाइनमन पडणार. मग बाकावरचे तीन कसे निवडायचे? एकाला दोन्ही बाजूंना टॅकल खेळता आलं पाहिजे, त्याला स्विंग टॅकल म्हणतात, एकाला स्नॅप करता आला पाहिजे (मधला सेंटर बॉल मागे क्वार्टरबॅकला देतो तो) नाहीतर सेंटर पडला की खेळच थांबतो, आणि तिसरा गार्डचा, म्हणजे सेंटर आणि टॅकलच्या मधला. डिफेन्सकडे हिशोब वेगळा. तिथे बदली माणूस दुखापतीसाठी नसतो, तो दर दोन-चार प्लेला आत-बाहेर जातो. क्रिकेटमध्ये फास्ट बोलरला स्पेल देऊन थांबवतात तसंच. दीडशे किलोच्या माणसाने सलग साठ प्ले खेळले तर चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचे पाय उचलत नाहीत.

केसीची_रेवती:
चीफ्सच्या बाजूने मला बोलायचंय, कारण सगळे ती फायनल काढून दाखवतात. त्यावरून वाटतं की चीफ्सकडे डेप्थ नव्हती. होती हो! लेफ्ट टॅकलला २०२४ चा दुसऱ्या राउंडचा सुआमाटाया, २०२३ चा तिसऱ्या राउंडचा मॉरिस, सीझनच्या मध्यात आणलेला हम्फ्रीज. तीन माणसं. एक टिकला नाही, दुसऱ्याला जमलं नाही, तिसऱ्याची मांडी आखडली. शेवटी गार्ड जो थुनीला टॅकलला सरकवलं. माझा मुद्दा हा की डेप्थ डेप्थ म्हणून माणसं जमवली तरी ती चांगली असतीलच असं नाही, लीगमध्ये ३२ टीम आहेत, चांगले टॅकल ६४ सुद्धा नाहीत, मग बाकावर बसवायला कुठून आणणार? एक खात्रीचा लेफ्ट टॅकल असता तर ही वेळच आली नसती. आणि डिफेन्सच्या डेप्थचं कौतुक करताय तर २०२३ ची फायनल पण आठवा, ईगल्सचे त्या सीझनला ७० सॅक होते, आणि आमच्याविरुद्ध शून्य. शून्य!

दादरकर_फिली:
रेवतीताई, ते शून्य मला अजून झोंबतं, ग्राउंड निसरडं होतं हे कारण मी देणार नाही. पण ते शून्य आलं कुठून? २०२१ च्या फायनलला तुमचे दोन्ही टॅकल, फिशर आणि श्वार्ट्झ, जखमी होते आणि माहोम्स सगळ्या मैदानभर पळत होता, बक्स (टँपा बे) ३१-९ जिंकले. त्यानंतर तुमच्या मॅनेजमेंटने काय केलं, थुनीला ८ कोटी डॉलर दिले, ऑर्लँडो ब्राउनला ट्रेड करून आणलं, दुसऱ्या राउंडला सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या राउंडला ट्रे स्मिथ. एका उन्हाळ्यात पूर्ण लाइन नवी. तुमचं शून्य त्या लाइनने दिलं, म्हणजे मुद्दा माझाच.

आणि २०२५ च्या फायनलचं बारकाईने बघा. थुनी टॅकलला गेला म्हणून त्याच्या जागी गार्डला कॅलिएंडो आला. एक जागा भरायला दोन जागा कमजोर झाल्या. टॅकलला मागे मागे सरकत मोकळ्या जागेत माणूस थोपवायचा असतो, गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात, तिथे आयुष्य घालवलेल्याला अचानक बाहेर उभं केलं की एज रशर (टोकाकडून धावून येणारा डिफेन्सचा माणूस) खांदा खाली घालून बाजूने निघून जातो. तुमचे ते तिघे एकाच खुर्चीचे उमेदवार होते, ती डेप्थ नव्हे. बदली माणूस आत आला की बाकीचे चार आपापल्या जागी राहिले पाहिजेत, तर डेप्थ.

केसीची_रेवती:
ही व्याख्या ऐकायला छान आहे, पण असा माणूस मिळतो कुठे ते सांगा ना.

दादरकर_फिली:
फ्रेड जॉन्सन. २०२४ ला आमच्या लेफ्ट टॅकल मायलाटाची हॅमस्ट्रिंग गेली, चार मॅच बाहेर. जॉन्सन लेफ्ट टॅकलला उभा राहिला, बाकी कोणी हललं नाही, चारही मॅच जिंकल्या. त्यातली एक सिनसिनाटीला, ३७-१७. आणि मन्या, हा जॉन्सन आधी तुमच्याकडेच होता. खुद्द मायलाटा तर ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा, अमेरिकन फुटबॉल कधी खेळलेलाच नाही, २०१८ ला सातव्या राउंडला २३३ वा घेतला, पहिले दोन सीझन एकही मॅच नाही. कोच स्टाउटलंडने त्याला शिकवलं आणि त्याने पहिल्या राउंडच्या डिलर्डची जागा घेतली. शिकवायला वेळ दिला तर मिळतात माणसं.

चार्जर्सचे_बापू:
सगळं वाचलं. मी सॅन डिएगोत राहतो, टीम लॉस एंजेलिसला गेली तरी सोडली नाही. तुम्हा दोघांनाही सांगतो, आमच्याकडे पहिल्या राउंडचे दोन टॅकल होते, स्लेटर आणि जो ऑल्ट. हार्बॉ लाइनवाला कोच. स्लेटरला २०२५ च्या जुलैत ११ कोटी ४० लाख डॉलरचा करार दिला, दोन आठवड्यांच्या आत प्रॅक्टिसमध्ये गुडघ्याखालचा टेंडन फाटला, सीझन संपला. मग ऑल्टचा घोटा, तो परत आला आणि परत तोच घोटा. आमच्या क्वार्टरबॅक हर्बर्टला पुढे किती मार बसला ते बघवत नव्हतं. दादरकर, कुठली डेप्थ पुरली असती हो इथे? दोन्ही टॅकल जाणार हे धरून कोणी टीम बांधत नाही, २०२५ ची कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) २७ कोटी ९२ लाख डॉलर, त्यात क्वार्टरबॅक, कॉर्नर, रिसीव्हर सगळं बसवायचं असतं.

दादरकर_फिली:
बापू, दोघांची भरपाई होत नाही, मान्य. पण एकाची व्हायलाच हवी. स्लेटर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पडला, सीझन सुरू व्हायला महिना होता. तेव्हा ऑल्टला उजवीकडून डावीकडे नेला, म्हणजे परत तेच, एक जागा गेली आणि दोन हलल्या. तिसऱ्या टॅकलवर आधीच खर्च केला असता तर ऑल्ट आपल्या जागी राहिला असता.

मन्या_सिनसिनाटी:
माझं अजून एक. जानेवारी २०२३ ला आमचे तीन लाइनमन बाहेर होते, तरी बफेलोच्या बर्फात बिल्सना २७-१० हरवलं, तिन्ही बदली खेळले. बरो बॉल लवकर सोडतो, रिसीव्हर मोकळे होतात, लाइनची उणीव झाकली जाते.

दादरकर_फिली:
आणि पुढच्याच आठवड्यात कॅन्सस सिटीला पाच सॅक, शेवटच्या मिनिटात ख्रिस जोन्सने बरोला पाडलं, २३-२०. एक आठवडा झाकता येतं. बरं, डिफेन्सचं बोल. २०२४ ला बरोने ४९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन टाकले, चेस कॅचेस, यार्ड, टचडाउन तिन्हीत पहिला, आणि तुम्ही ९-८, प्लेऑफ नाही. तुमच्या एज रशर हेंड्रिक्सनचे १७.५ सॅक, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि त्याच्या बाजूला कोण होतं? एक माणूस म्हणजे लाइन नव्हे. मार्च २०२५ ला चेसला १६ कोटी १० लाख आणि दुसऱ्या रिसीव्हरला, हिगिन्सला, ११ कोटी ५० लाख डॉलर दिले, आणि सप्टेंबरमध्ये दुसऱ्याच मॅचला बरो सॅक होऊन पायाचं बोट घेऊन बसला. मला बरो आवडतो रे, म्हणून राग येतो.

मन्या_सिनसिनाटी:
हेंड्रिक्सनचं बोललात ते खरंय, तिथे मी वाद घालणार नाही. पण चेस मी परत घेईन, दहा वेळा घेईन.

दादरकर_फिली:
घे. मग दुसऱ्या राउंडला टॅकल घे, तिसऱ्याला डिफेन्सिव्ह टॅकल (डिफेन्सच्या लाइनचा मधला माणूस), आणि त्या पोरांना पहिल्या वर्षी खेळवायची घाई करू नका.