मदत हवी आहे: घरी लागणारं ऑक्सिजन मशीन आणि बायपॅप मेडिक्लेममध्ये बसतं का?

मंडळी, बाबा ७४ वर्षांचे, सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार) जुनाच. मध्यंतरी न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि थेट आयसीयू. हॉस्पिटलचं बिल कॅशलेसमध्ये बऱ्यापैकी निघालं, त्याबद्दल तक्रार नाही. घोडं अडलंय डिस्चार्जनंतर. छातीच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय की घरी रोज किमान १५ तास ऑक्सिजन द्यायचा आणि रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन) लावायचं. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, सध्या भाड्याने आणलाय, बायपॅप विकत घ्यावं लागलं. त्यात पुण्यात गुरुवार म्हणजे वीज जायचा वार, म्हणून एक भरलेला सिलेंडर कायम कोपऱ्यात उभा.

पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांच्या खर्चाचं कलम आहे. त्या भरवशावर बायपॅपचं बिल, कॉन्सन्ट्रेटरचं भाडं, सिलेंडर, नेब्युलायझर, औषधं, रक्ततपासण्या असं सगळं एकत्र लावून क्लेम टाकला. औषधं आणि तपासण्या मंजूर. बाकी प्रत्येक ओळीसमोर 'नॉन पेएबल', कारण काही नाही. टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) फोन केला तर "सर, ते घरी वापरायचंय ना, मग नाही बसत." अहो, घरी वापरता यावं म्हणूनच तर माणसाला घरी सोडलं! हाच ऑक्सिजन आयसीयूच्या बिलात होता तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही.

तर विचारायचं असं की हे सरसकट नियमातच बसत नाही, की आमच्याच कंपनीचा खाक्या आहे? डोमिसिलिअरी (घरी घेतलेले उपचार) म्हणून जे कलम असतं त्यात ढकलता येईल का? आणि ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड इथे काही कामाचं आहे का? आईचा विमा नाही, बाबांचाच आहे, हेही सांगून ठेवतो. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

क्लेमवाला:
काही नियमात आहे, काही कंपनीच्या शब्दांत. आयआरडीएआयची (विमा नियामकाची) न देय वस्तूंची एक यादी आहे. हॉस्पिटलबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलेंडर, नेब्युलायझर किट, वॉकर-काठीसारखी चालायची साधनं, एअर बेड, डायपर हे सगळं तिच्यात नावानिशी आहे. तिथे भांडून उपयोग नाही. कॉन्सन्ट्रेटर आणि घरच्या बायपॅपसाठी मात्र तुमच्या पॉलिसीचं वर्डिंग काढा (माहितीपत्रक नव्हे, ते चाळीस-पन्नास पानांचं पीडीएफ) आणि एक्सक्लुजनमध्ये (काय वगळलंय त्या यादीत) घरगुती किंवा टिकाऊ उपकरणं लिहिलीत का ते बघा. बहुतेक पॉलिसींत असतात. नसतील तर तुमच्या बोलण्याला वजन आहे. काहीही असो, नकार कलम क्रमांकासकट लेखी मागा. फोनवरचं 'नाही बसत' म्हणजे नकार नव्हे.

डोमिसिलिअरीची आशा धरू नका. ते रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नसेल किंवा हॉस्पिटलात खाटच नसेल आणि म्हणून घरी उपचार करावे लागले तर. तुमचे बाबा रीतसर डिस्चार्ज घेऊन आलेत. शिवाय कितीतरी पॉलिसींत त्या कलमाखाली दमा, ब्राँकायटिस नाव घेऊन वगळलेले असतात. वय वंदना कार्ड जरूर काढा, खासगी विमा असला तरी मिळतं, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. पण तेही भरती झाल्यावरच. डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं मिळतात, मशीन नाही.

लेखी नकार पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर समाधानकारक नाही तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जायचं. सोबत डॉक्टरांचं पत्र हवं आणि त्यात 'ऑक्सिजन द्यावा' एवढंच नको. एबीजीचे (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचे) आकडे, विश्रांतीत ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन किती, रोज किती तास, किती लिटर, हे सगळं हवं. ८८ किंवा त्याखालचं सॅच्युरेशन कागदावर असलं की 'सोयीसाठी घेतलं' हा मुद्दा उरत नाही.

हल्ली काही कंपन्या टिकाऊ उपकरणांचं जोड-कव्हर विकतात, त्यात बायपॅप आणि कॉन्सन्ट्रेटर असतात. बाबांना आता त्याचा फायदा कठीण, जुन्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. स्वतःसाठी मात्र बघून ठेवा.

सातारी_कंदी:
आमचे सासरे पोस्टातून निवृत्त, सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) आहे. त्यांचं बायपॅप तिथून झालं, पण आधी तज्ज्ञांची शिफारस, मग परवानगी, मग खरेदी, आणि तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. तुमच्या आई किंवा बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते का? नसतील तर तो रस्ता बंद. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना ३,००० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत हवं, आणि त्यात कमोड चेअर-वॉकर होईल, बायपॅपचा मास्कही येणार नाही. तुमच्या भागात रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे का विचारा. अनामत ठेवून नाममात्र भाड्याने कॉन्सन्ट्रेटर देतात, दुकानाच्या चार-पाच हजारांपेक्षा खूपच स्वस्त. आणि करात जुनी पद्धत घेत असाल तर ८०डीमध्ये ज्येष्ठ आईवडिलांसाठी ५० हजारांची मर्यादा आहे. बाबांचा हप्ता त्यात धरा. आईचा विमा नाही, म्हणजे त्या साठीच्या पुढे असतील तर त्यांचा औषधोपचाराचा खर्चही त्याच ५० हजारांत चालतो, फक्त रोखीने नको.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. बाबा सहकारी साखर कारखान्यात होते, त्यामुळे सीजीएचएस नाही. वर्डिंगचं पीडीएफ आत्ता उघडलं. एक्सक्लुजनमध्ये 'घरी वापरण्यासाठी खरेदी केलेली उपकरणे' असं आहे. भाड्याचा उल्लेख कुठेच नाही. मग कॉन्सन्ट्रेटरच्या भाड्यापुरता तरी क्लेम परत उघडायला लावता येईल का? पावती दुकानदाराने माझ्या नावाने केलीये, ती बाबांच्या नावाने करून घेऊ का?

क्लेमवाला:
लावा. शब्द 'खरेदी' आहे ना, त्यावरच बोट ठेवा. पावती रुग्णाच्या नावाने हवी, तारीख आणि मशीनचा सीरियल नंबर घालून. मूळ पावती रद्द करून नवीन घ्या, खाडाखोड चालणार नाही. ई-मेलनेच पाठवा.