प्रति: मुलींपुढे आदर्श कोणाचा?

"सावित्रीबाई, कल्पना चावलाची चरित्रं द्या, बास झालं," असं वर कुणीतरी लिहिलंय. द्याच. पण नुसत्या नावानं भागत नाही. आमच्या सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्ध लढलेली ही बाई तिथल्या किती पोरींना पत्त्यापलीकडे माहीत असेल?

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागातलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या पानांचा वास आणि आईचा हजार विड्यांचा हिशेब. आमच्या बोळातली एक ताई एसटीत कंडक्टर झाली. खाकी घालून निघाली तेव्हा बायका दारात येऊन बघत होत्या, दोघीतिघी हसल्यापण. संध्याकाळी आम्ही पोरी तिच्या कट्ट्यावर. तिकिटाचं मशीन हातात घेऊन बघितलं, चांगलंच जड होतं.

"लोक भांडतात का गं?"

"भांडतात की. मीपण भांडते."

पुढं आमच्यातल्या तिघींनी दहावीनंतर कॉलेजचा फॉर्म भरला. ताईनं उपदेश कधीच केला नाही. फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो तेवढं सांगितलं, आणि सुट्टीच्या दिवशी सोबत आली.